अमृतसरी कुलचा, घरच्या तव्यावर

अमृतसरी कुलचा म्हणजे मैद्याचा आलू पराठा नव्हे. सारण कुणालाही जमतं, खरी मेहनत पदर सुटण्यासाठी घ्यायची असते. अमृतसरमध्ये मकबूल रोडला तंदुरातून निघालेला कुलचा वाढण्याआधी हातांनी दाबून चुरतात. तेव्हा तो कुरकुरला नाही तर सगळं मुसळ केरात.

पाच कुलच्यांसाठी दोन वाट्या मैदा, पाव वाटी दही, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खाण्याचा सोडा, चमचाभर साखर, मीठ, थोडं तूप. कोमट पाण्यात पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवा आणि ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवा. दह्याच्या आंबटपणाने सोडा फुलतो, म्हणून दही आंबटच हवं. पीठ लवकर फुगावं म्हणून सोडा वाढवू नका, चव बिघडते.

आता पदर. पिठाची मोठी, पातळ पोळी लाटा, वर तूप फासा, कोरडा मैदा भुरभुरवा. चिरोट्यांना साटा लावतो, तेच काम. घट्ट वळकटी करून पाच तुकडे कापा. प्रत्येक तुकडा कापलेली बाजू वर ठेवून तळव्याने दाबा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. ही पंधरा मिनिटं वाचवायला गेलात तर पीठ हाताखाली मागे ओढतं.

सारणाला उकडून पूर्ण गार झालेले बटाटे, बारीक चिरून पिळलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, भरड कुटलेले धणे, ओवा आणि अनारदाणा, म्हणजे डाळिंबाचे वाळवलेले आंबट दाणे. अनारदाण्याऐवजी आमचूर चालतो, पण दाताखाली येणारा आंबट कण मग मिळत नाही. मीठ भरायच्या वेळीच घाला, नाहीतर कांद्याला पाणी सुटतं.

सारण भरून तोंड बंद करा आणि बोटांनीच थापा. लाटणं फिरवलं की पदर एकमेकांना चिकटतात. कुलच्याच्या एका बाजूला पाणी चोपडून ती बाजू कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर टाका. नॉनस्टिकवर तो चिकटणारच नाही. वर फोड दिसू लागले की तव्याची मूठ धरून तवा आचेवर उलटा करा आणि फिरवत राहा, म्हणजे सगळीकडे तांबूस डाग पडतील. तुमच्याकडे इंडक्शन असेल तर हे जमणार नाही. मग ओव्हन 250 अंशांवर चांगला तापवून त्यात भाजा.

उलथण्याने सोडवा, लोणी घाला, लगेच चुरा. सोबत छोले आणि चिंचेच्या कोळात कच्चा कांदा घालून केलेली पातळ चटणी. माझ्या मते छोले नसले तरी चालतील, चटणी मात्र हवीच. उरलेला कुलचा मायक्रोवेव्हमध्ये चामट होतो. कोरड्या तव्यावर मंद आचेवर गरम करा.