विलायतेच्या अंगणात कर्दळ, अळू आणि केळ

दादर-पार्ल्यातील अनेक घरांतून आजी-आजोबा एप्रिलमध्ये इंग्लंडला मुलांकडे जातात आणि व्हिसाची सहा महिन्यांची मुदत संपत आली की ऑक्टोबरच्या सुमारास परततात. बागेच्या दृष्टीने हा काळ अगदी नेमका आहे, कारण उष्ण प्रदेशातील झाडांना तिथे मोकळ्या हवेत जो काही हंगाम मिळतो तो याच सहा महिन्यांत. आपल्याकडे न्हाणीच्या पाण्यावर परसदारी कुणी न लावता वाढणारी कर्दळ, अळू आणि केळ तिथल्या लोकांना अपूर्वाईची वाटतात. १९९३ मध्ये बागकामावर लिहिणारे क्रिस्टोफर लॉइड यांनी ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर येथील आपली जुनी गुलाबबाग काढून टाकली आणि तिच्या जागी केळी, कर्दळी अशी झाडे लावली, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. त्या गुलाबबागेची आखणी नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन लुट्येन्स यांची होती.

रोपे किंवा कंद मुंबईहून पिशवीत घालून नेऊ नयेत. लागवडीसाठीच्या वनस्पतीला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि मातीवर तर बंदीच आहे. त्याची गरजही नाही, कारण कर्दळीचे कंद तिथल्या रोपवाटिकांत वसंत ऋतूत सहज मिळतात आणि लंडनमधील साउथहॉल किंवा वेम्बलीच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातील अळकुड्यांपैकी डोळा शाबूत असलेल्या, टणक अळकुड्या निवडल्या की त्या चांगल्या रुजतात.

एप्रिलमध्ये सगळी सुरुवात घरातच करावी. कर्दळीचा कंद डोळा वर ठेवून कुंडीत जेमतेम झाकला जाईल इतका पुरावा आणि कुंडी उजेडाच्या खिडकीत ठेवावी. अळकुडीला मात्र साधारण २० अंश सेल्सिअसची ऊब लागते. त्याहून थंड आणि ओल्या मातीत ती रुजण्याऐवजी कुजते. जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचे कपाट असते, तिथे कुंडी ठेवावी आणि कोंब दिसताच ती उजेडात आणावी. या काळात पाणी बेताचेच घालावे. आपला हात मुंबईच्या उन्हाळ्याला सरावलेला असतो, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

बाहेर लावण्याची घाई करू नये. मे महिन्यात दिवसा सुरेख ऊन पडते आणि मोह होतो, पण रात्री दव गोठून पानांवर बसले, म्हणजे फ्रॉस्ट पडला, की कोवळ्या पानांच्या पेशींतील पाणी गोठून ती एका रात्रीत काळी पडतात. इंग्लंडच्या बहुतेक भागांत मे महिन्याचा शेवटचा आठवडा किंवा जूनचा आरंभ ही सुरक्षित वेळ होय. त्याआधी दहा-पंधरा दिवस कुंड्या दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून रोपांना हवेची सवय करावी. जागा निवडताना दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत मिळाली तर उत्तम, कारण ती दिवसभराची ऊब रात्री हळूहळू परत देते. केळीसाठी उबेइतकाच वाऱ्याचा आडोसा महत्त्वाचा आहे. उघड्यावर तिच्या पानांच्या चिंध्या होतात आणि सारी शोभा जाते. खड्ड्यात कुजलेले खत सढळ हाताने घालावे, कारण ही तिन्ही झाडे खादाड आहेत.

केळ निवडताना मुसा बास्जू हीच जात घ्यावी. तिला जपानी केळ म्हणतात, पण ती मूळची दक्षिण चीनमधील आहे. तिची फळे खाण्याजोगी नसतात, तरीही तिचा गड्डा आच्छादनाखाली शून्याखालील थंडी सोसतो आणि वरचा भाग मेला तरी वसंतात नवे कोंब येतात. लालसर पानांची एन्सेट केळ दिसायला अधिक देखणी आहे, परंतु तिला हिवाळ्यात आतच घ्यावे लागते, आणि तेवढी जागा लंडनच्या घरात क्वचितच असते.

इंग्लंडमध्ये सतत पाऊस असतो, हा आपला समज बागेत महागात पडतो. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैची सरासरी त्याहून जास्त असते. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये कुंड्यांना रोज आणि अळवाला तर भरपूर पाणी द्यावे लागते. त्याच्या मोबदल्यात जूनमध्ये सोळा तासांहून अधिक उजेड मिळतो, आणि पंधरवड्यातून एकदा पातळ खत दिले तर पाने झपाट्याने मोठी होतात. कर्दळीच्या पानांवर फिकट रेषा किंवा ठिपके दिसले तर तो बहुधा विषाणू असतो. असे झाड कंदासकट काढून टाकावे, त्यावर औषध नाही. गोगलगायी कोवळ्या सुरळ्या कुरतडतात. त्यांच्यासाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर तिथे २०२२ पासून बंदी आहे. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, पण रात्री विजेरी घेऊन गोगलगायी वेचणे मला अधिक खात्रीचे वाटते.

सोनटक्क्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो तिथे वाढतो, मात्र फुलायला त्याला दीर्घ ऊब लागत असल्याने कळ्या येईपर्यंत थंडी येऊन ठेपते. त्याऐवजी त्याचाच हिमालयातील भाऊबंद, नारिंगी तुऱ्यांचा हेडिचियम डेन्सिफ्लोरम लावावा. तो काटक आहे आणि लवकर फुलतो. यांच्यामागे बारमाही हिरवी अशी दोन झाडे तरी हवीतच: सावलीतही तगणारी, पंजासारख्या पानांची फॅट्सिया आणि ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनी हा पंख्याच्या पानांचा माड. ज्या रॉबर्ट फॉर्च्यून यांच्या नावाने हा माड ओळखला जातो, त्यांनीच चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली होती.

परतीच्या तिकिटाआधी मुलांना पुढचे काम लिहून द्यावे, तोंडी सांगितलेले विसरले जाते. पहिल्या फ्रॉस्टने कर्दळीची पाने काळी पडली की दांडे वीतभर ठेवून कापावेत, कंद उपटून जेमतेम ओलसर मातीच्या खोक्यात भरावेत आणि पाणी गोठणार नाही अशा शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये ठेवावेत. अळवाचे कंद किंचित उबदार जागी आणि जवळजवळ कोरडे ठेवावेत. केळीची पाने छाटून बुंध्याभोवती तारेची जाळी उभी करावी, तिच्यात कोरडा पेंढा गच्च भरावा आणि वरून पाणी शिरणार नाही असे झाकण घालावे. हिवाळ्यातील ओल केळीला थंडीइतकीच मारक असते. जानेवारीत एकदा व्हिडिओ कॉलवर खोके उघडून दाखवायला सांगावे: मऊ पडलेला कंद लगेच फेकावा, सुरकुतलेल्यावर थोडे पाणी शिंपडावे, आणि बाकीच्यांना एप्रिलपर्यंत हात लावू नये.