पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं कोडिंग: या चुका टाळा

चार्टमध्ये ‘मेटास्टॅटिक लंग कॅन्सर’ एवढंच दिसलं की हात आपोआप निदानाच्या कोडकडे जातो. तिथेच थांबा. या तीन शब्दांतून दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. कर्करोग फुप्फुसात सुरू होऊन दुसरीकडे गेला, किंवा दुसरीकडे सुरू होऊन फुप्फुसात आला. पहिल्या अर्थी सी३४ लागतो आणि पसरलेल्या जागेचा वेगळा कोड. दुसऱ्या अर्थी सी७८.०१ (उजवं फुप्फुस) किंवा सी७८.०२ (डावं), आणि सोबत प्रायमरीचा, म्हणजे मूळ गाठीचा कोड: स्तनाची, आतड्याची, जिथली असेल तिथला. कोड उलटा पडला तर रुग्णाच्या रेकॉर्डमध्ये आजारच बदलतो, आणि पुढच्या प्रत्येक व्हिजिटला तीच चूक कॉपी होत जाते. ऑन्कॉलॉजीची नोट, बायॉप्सी, जुनी डिस्चार्ज समरी पाहूनही उगम सापडत नसेल तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवा. ‘प्रायमरी कुठली आणि सध्या कुठे कुठे पसरली आहे?’ एवढा थेट प्रश्न पुरतो. क्वेरीत उत्तर सुचवू नका.

इथले नियम आयसीडी-१०-सीएम या निदान-कोडांच्या संचाचे, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्डचे आहेत. तिथे तो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि दर ऑक्टोबरला अद्ययावत होतो. जुन्या चीटशीटवर विसंबून राहू नका.

जागा नेमकी लिहिलेली असताना ‘अनस्पेसिफाइड’ (जागा न सांगणारा कोड) टाकणं ही आळसाची चूक, आणि ती खूप होते. उजव्या फुप्फुसाचा वरचा लोब (कप्पा) सी३४.११, डावा वरचा सी३४.१२. मधला लोब फक्त उजव्या फुप्फुसात असतो, म्हणून सी३४.२ ला डावी-उजवी बाजूच नाही. डाव्या बाजूला ‘लिंग्युला’ लिहिलं असेल तर ती वरच्या लोबचाच भाग आहे. पसरलेल्या जागांचे कोड असे: मेंदूसाठी सी७९.३१, हाडासाठी सी७९.५१, यकृतासाठी सी७८.७. अ‍ॅड्रिनलसाठी (मूत्रपिंडावरची ग्रंथी) सी७९.७१ किंवा सी७९.७२, तिथेही बाजू पाहावी लागते. छातीतल्या लिम्फ नोड्सचा सी७७.१ बऱ्याचदा राहून जातो, कारण तो रिपोर्टच्या मधल्या एखाद्या ओळीत असतो.

फुप्फुसाभोवतीचं पाणी हा आणखी एक सापळा. पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या आणि डॉक्टरांनी ‘मॅलिग्नंट इफ्यूजन’ लिहिलं, तर अशा पाण्याचा साधा कोड जे९० चालत नाही. तिथे जे९१.० लागतो, आणि त्याच्या आधी कर्करोगाचा कोड.

क्रम ठरवताना उपचार कशावर चालले आहेत ते बघा. मेंदूत पसरलेल्या गाठीवरच्या उपचारांसाठीच दाखल केलं असेल, तर सी७९.३१ आधी आणि फुप्फुसाची प्रायमरी नंतर. केवळ रेडिएशनसाठी आले असतील तर झेड५१.० पहिला. इम्युनोथेरपीचा डोस असेल तर झेड५१.१२. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला झेड५१.११ लावलेले चार्ट मी पाहिले आहेत. तो कोड केमोथेरपीचा. एकाच दिवशी दोन्ही दिले तर दोन्ही कोड घ्या, क्रम कोणताही चालतो.

लोब काढून तीन वर्षं झाली, प्रायमरीचा मागमूस नाही, तिच्यावरचे उपचारही बंद, आणि आता हाडात गाठ. इथे सी३४ लावायचा नाही, सी७९.५१ सोबत झेड८५.११८ (पूर्वी फुप्फुसाचा कर्करोग होता, याचा कोड) येतो. पण शस्त्रक्रियेनंतरची अ‍ॅडज्युव्हंट (कर्करोग परतू नये म्हणूनची) औषधं चालू असतील तर प्रायमरी अजून सक्रियच धरायची. ‘हिस्टरी ऑफ’ हे शब्द वाचून घाई होते ती इथेच. काही डॉक्टर चालू आजारालाही ‘हिस्टरी’ म्हणतात, तेव्हा औषधांची यादी पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

‘सस्पिशियस फॉर लिव्हर मेट्स’ (यकृतात पसरल्याची शंका) असं स्कॅनवर असेल, तर ओपीडीत तो कर्करोग म्हणून कोड होत नाही. ‘प्रॉबेबल’, ‘कन्सिस्टंट विथ’ हेही त्याच गटातले शब्द. दिसलेल्या असामान्यतेचाच कोड द्यायचा. दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी असं निदान लिहिलेलं असेल, तर मात्र ते असल्याप्रमाणे कोड करता येतं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टचंही असंच आहे: ओपीडीत अंतिम रिपोर्टवरून निदान घेता येतं, पण दाखल रुग्णासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते स्वतः लिहिलेलं हवं. त्यांच्या नोटमध्ये नसेल तर पुन्हा क्वेरी.