फॉरमन-नेपियर यांच्या रुग्णवह्या वाचताय? या चुका टाळा

दोघे इंग्लंडमधले ज्योतिषी-वैद्य: सायमन फॉरमन लंडनमध्ये, तर रिचर्ड नेपियर बकिंगहॅमशायरमधल्या ग्रेट लिनफर्डचे पाद्री. दोघेही ग्रह पाहून औषध देत. १५९६ ते १६३४ या काळातल्या त्यांच्या सुमारे ८०,००० नोंदी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत आणि केंब्रिजच्या अभ्यासकांमुळे आता घरबसल्या पाहता येतात. लहानपणापासून पत्रिका बघत आलेला मराठी वाचक त्या चौकोनी कुंडल्या पाहून हरखतो, आणि नेमका तिथेच फसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्या कुंडलीला जन्मपत्रिका समजणं. ही प्रश्नकुंडली आहे, म्हणजे प्रश्न विचारला त्या क्षणाची. आधी वरची ओळ वाचा: नाव, वय, गाव, तारीख, वेळ. ती वेळ बहुधा प्रश्न विचारल्याची. रुग्ण कित्येकदा तिथे नसायचाच. नवरा, आई, शेजारीण किंवा नोकर विचारायला यायचा. रुग्णाची संमती आहे की नाही, हेही लिहिलेलं सापडतं. तेव्हा या कुंडलीवरून कुणाचा स्वभाव किंवा आयुष्य काढायला जाऊ नका.

लग्न, म्हणजे कुंडलीतलं पहिलं स्थान, आपल्यासारखं वर मधोमध शोधू नका, ते डाव्या बाजूला असतं. सहावं स्थान रोगाचं. सातवं मात्र आजाराच्या प्रश्नात जोडीदाराचं नाही, वैद्याचं.

कुंडली पुन्हा मांडून पाहिली आणि ग्रह जुळेनात? माझे यात दोन रविवार गेले. रवी दहा अंश मागे, चंद्र तर चार राशी मागे. वहीत चूक नव्हती, तारखेत होती. इंग्लंडने १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालवलं, आणि आपलं सॉफ्टवेअर १५८२ नंतरची तारीख नव्या, ग्रेगोरियन कॅलेंडरची धरतं. १ जून १६०५ असेल तर ११ जून टाका. शिवाय सेटिंग सायन (ट्रॉपिकल, वसंतसंपातापासून राशी मोजणारं) ठेवा. आपल्याकडचं निरयन (ताऱ्यांच्या आधारे मोजणारं) राहिलं तर आणखी सुमारे १८ अंशांचा फरक पडतो. जुन्या रीतीत वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींचं साल नीट तपासा. तारखेजवळ शनीचं चिन्ह दिसलं तर तो ग्रह नव्हे, शनिवार.

शब्दही चकवतात. ‘मदर’ वाचून आई समजू नका. आजाराच्या नोंदीत तो शब्द गर्भाशयासाठी येतो. ‘मेलँकली’ म्हणजे आजचं डिप्रेशन असंही परस्पर ठरवू नका. काळ्या पित्ताची ती कल्पना पोटापासून मनापर्यंत पसरलेली होती.

आणि कृपा करून फक्त आकृती पाहून पान उलटू नका. नेपियर यांच्याकडे मनाने खचलेली माणसं मोठ्या संख्येने यायची. मूल गेल्याचं दुःख, नवऱ्याचा जाच, कर्ज, उडालेली झोप, हे सगळं आकृतीच्या आसपासच्या घाईच्या अक्षरात आहे. रेचक दिलं की रक्त काढलं, तेही तिथेच. मी आता आधी ती अक्षरं लावते, ग्रह नंतर.