मेन.सीएफ बदलली तरी मेल सर्व्हर ऐकत नाही? या चुका टाळा

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये सगळ्या सेवांना लागू होणारी सामाईक सेटिंग मेन.सीएफ या फाइलमध्ये असतात. पण फाइल उघडल्यावर आपल्याला दिसतं तेच सर्व्हरने वाचलंय, असं गृहीत धरू नका. या गैरसमजापायी माझा अख्खा दिवस गेला आहे.

एका कार्यालयाच्या सर्व्हरवर रिलेहोस्ट, म्हणजे बाहेरचे मेल ज्या मधल्या सर्व्हरमार्फत पाठवायचे तो, लावायचा होता. ओळ तयारच होती: सुरुवातीला हॅश (#, तो असला की ओळ नुसती टीप ठरते), मग एक स्पेस. मी हॅश खोडला, स्पेस तशीच राहिली. पोस्टफिक्सच्या लेखी स्पेसने सुरू होणारी ओळ म्हणजे आधीच्या सेटिंगचाच पुढचा भाग, मग मध्ये कितीही कोऱ्या ओळी असोत. माझा रिलेहोस्ट वरच्या मायडेस्टिनेशनला (कुठल्या डोमेनचे मेल इथेच ठेवायचे, ती यादी) जाऊन चिकटला. रीलोड, म्हणजे सेटिंग पुन्हा वाचायला लावणं, बिनतक्रार झालं. मेल मात्र रिले सोडून थेट २५ नंबरच्या पोर्टने जायला बघत होते, तो बाहेर जाण्यासाठी बंद होता, आणि लॉगमध्ये ‘कनेक्शन टाइम्ड आउट’च्या रांगा. मेन.सीएफमधली सेटिंग पोस्टफिक्सने कशी वाचली ते दाखवणारी ‘पोस्टकॉन्फ -एन’ ही कमांड चालवल्यावर रिलेहोस्ट यादीत नाही आणि मायडेस्टिनेशनला भलतंच शेपूट, हे लगेच दिसलं. तेव्हापासून कुठल्याही बदलानंतर मी आधी हीच कमांड चालवतो.

हॅशचीच आणखी एक गोष्ट. सेटिंगच्या आकड्यापुढे त्याच ओळीत हॅश लावून टीप लिहू नका. ती टीप नसून सेटिंगच्या किमतीचा (व्हॅल्यूचा) भाग धरली जाते. टीप नेहमी स्वतंत्र ओळीवर.

मेन.सीएफ बरोबर असूनही एखादीच सेवा वेगळी वागत असेल, तर मास्टर.सीएफ ही प्रत्येक सेवेची वेगळी नोंद असलेली फाइल बघा. तिथे ‘-ओ’ लावून दिलेली किंमत त्या सेवेपुरती सामाईक सेटिंगला मागे टाकते. ५८७ नंबरच्या पोर्टवरच्या सबमिशनला (वापरकर्त्यांचे मेल स्वीकारणारी सेवा) असे बदल हमखास असतात. ‘पोस्टकॉन्फ -पी’, पी कॅपिटल, ते सगळे एका जागी दाखवते. मास्टर.सीएफमध्ये ‘-ओ’ साध्या पद्धतीने लिहिताना बरोबरच्या (=) चिन्हाभोवती स्पेस सोडायची नाही.

मोठ्या अटॅचमेंटसाठी मेसेज साइझ लिमिट वाढवाल, तेव्हा मेलबॉक्स साइझ लिमिटही बघा. मूळ किमती १,०२,४०,००० आणि ५,१२,००,००० बाइट. पहिली दुसरीच्या वर गेली की स्थानिक डिलिव्हरीच बंद पडते. शिवाय मेलमध्ये जाताना अटॅचमेंट साधारण एक तृतीयांशाने फुगते, तेवढी जागा धरूनच आकडा लिहा.

आणि आयनेट इंटरफेसेस (पोस्टफिक्सने कुठल्या नेटवर्क पत्त्यांवर मेल घ्यायचे ते सेटिंग) बदललं असेल तर नुसतं रीलोड पुरत नाही. पोस्टफिक्स थांबवून पुन्हा सुरू करा.