इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये अंडी उकडताय? या चुका टाळा

पाच मिनिटं सांगितली म्हणून पाचच मिनिटं लावली, तरी एकदा बलक ओला राहिला, पुढच्या वेळी त्याच्या कडेला हिरवट कड आली, आणि त्याच्या पुढच्या वेळी टरफलाबरोबर निम्मं पांढरं निघून आलं. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमधल्या अंड्यांच्या बहुतेक तक्रारी या तीनच असतात आणि खापर कुकरच्या डोक्यावर फुटतं. पण कुकरच्या स्क्रीनवर उलटे जाणारे आकडे म्हणजे अंडं शिजण्याचा पूर्ण वेळ नव्हे, त्यातला मधला तुकडा.

बटण दाबल्यावर आधी पाणी तापतं, वाफ धरते, मग झाकणावरची पिन वर येते, आणि आत पुरेसा दाब तयार झाल्यावर कुठे मिनिटं मोजायला सुरुवात होते. अंडी मात्र तोवर वाफेत बसलेलीच असतात. अंड्याचं पांढरं साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला धरायला लागतं आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. म्हणजे मोजणी सुरू व्हायच्या आधीच कडेचं पांढरं धरायला लागलेलं असतं. नंतर हाय प्रेशरला आतलं तापमान ११५ अंशांच्या आसपास जातं. बीप वाजल्यावरही दाब उतरेपर्यंत आत गरमच असतं, आणि बाहेर काढलेलं अंडं स्वतःच्या उष्णतेवर आणखी शिजत राहतं. दाब येणं, दाबाखाली शिजणं, दाब उतरणं आणि गार होणं, असे चार टप्पे झाले. आपण त्यातला एकच मोजतो आणि बाकीचे तीन रोज बदलतात.

पाणी आणि अंडी मनाला येईल तशी घेणं

पाणी जास्त घातलं तर बिघडतं काय, असं वाटतं. बिघडतं ते वेळेचं. दोन कप पाणी तापायला एका कपापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या जादा वेळात अंडी वाफेत शिजत राहतात. पाच-सहा लिटरच्या कुकरला १ कप, म्हणजे साधारण २४० मिलिलिटर पाणी पुरतं. मोठ्या कुकरला दीड कप लागू शकतं. तुमच्या कुकरच्या पुस्तिकेत किमान पाण्याचा आकडा दिलेला असतो, तो घ्या आणि दर वेळी तेवढंच घाला. त्याहून कमी घालू नका. पाणी वाफ होऊन संपलं तर दाब धरत नाही आणि भांड्याचा तळ करपतो.

अंड्यांच्या संख्येचंही तसंच. फ्रिजमधून काढलेली बारा गार अंडी वाफेतली उष्णता ओढून घेतात, त्यामुळे दाब यायला उशीर होतो. तीन अंडी असतील तर दाब पटकन येतो. म्हणून बारा अंड्यांसाठी वेळ दुप्पट करायची गरज नसते, दाब यायला लागणारा जादा वेळच बराचसा हिशेब भरून काढतो. गॅसवरच्या भांड्यात 'अंडी वाढली की मिनिटं वाढवा' ही सवय असेल तर इथे ती सोडावी लागते. उलट छोट्या, तीन लिटरच्या कुकरमध्ये दाब लवकर येतो. मोठ्या कुकरसाठी लिहिलेली मिनिटं तिथे लावली तर बलक थोडा कच्चा लागू शकतो.

हा सगळा घोळ कमी करायचा एक सोपा उपाय आहे. आधी सॉटे मोडवर, म्हणजे कुकरच्या परतायच्या सेटिंगवर, झाकण न लावता पाणी उकळवायचं, मग जाळीवर अंडी ठेवून झाकण लावायचं. दाब येण्याचा टप्पा आखूड होतो, रोजचा फरक घटतो, आणि एकदम गरम वाफ लागल्याने अंडी सोलायलाही सोपी जातात. अंडी ठेवताना चिमटा वापरा. उकळत्या पाण्यावर हात धरला तर वाफेने पोळतो.

अंडी थेट तळाशी ठेवणं

कुकरबरोबर येणारी स्टीलची जाळी बऱ्याच घरी खणात पडून असते. तिच्याविना अंडी तळाच्या गरम भागाला टेकतात, पाणी उकळू लागलं की एकमेकांवर आपटतात आणि तडकतात. जाळी नसेल तर पाय असलेली कुठलीही स्टीलची चाळणी चालते. अंडी दोन थरांत रचायला हरकत नाही, फक्त ती डुगडुगणार नाहीत हे बघा.

जाळीवर अंडी पाण्याच्या वर असतात, हे लक्षात आलं की आणखी एक गैरसमज गळून पडतो. सोलायला सोपं जावं म्हणून कुकरच्या पाण्यात मीठ किंवा खायचा सोडा घालतात. मीठ आणि सोडा वाफेबरोबर वर जात नाहीत, ते खालच्या पाण्यातच राहतात. अंड्याला त्यांचा स्पर्शही होत नाही. चमचाभर सोडा वाया, आणि वर भांड्यावर पांढरा थर.

वाफ कशी सोडायची याचा विचार न करणं

माझ्या मते सगळ्यात जास्त अंडी इथे बिघडतात. हाय प्रेशरला ५ मिनिटं, मग ५ मिनिटं कुकर तसाच, मग उरलेली वाफ सोडून ५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात, ही पद्धत पूर्ण उकडलेल्या अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि सुरुवात करायला चांगली आहे. पण यातली मधली पाच मिनिटं आरामाची नाहीत, ती शिजवण्याचीच आहेत. फोन आला आणि पाचाची पंधरा झाली, तर बलक कोरडा भुसभुशीत होणारच.

उलट टोक म्हणजे बीप वाजल्या वाजल्या व्हॉल्व्ह उघडणं. बलक मऊ हवा असेल तर हेच करायचं असतं. हाय प्रेशरला ३ मिनिटं आणि लगेच वाफ सोडली तर बलक मऊ राहतो, ४ मिनिटांना मधोमध चिकटसर. पण दाब झटक्यात उतरला की अंड्यातली हवा प्रसरण पावते. आधीच केसाएवढी चीर असलेलं अंडं अशा वेळी हमखास उकलतं. अंडी वारंवार तडकत असतील तर वाफ एकदम न सोडता थोडी थोडी सोडून बघा, किंवा लो प्रेशर वापरा. त्यात वेळ दोन-तीन मिनिटं जास्त लागतो. आणि अंडी कुकरमध्ये ठेवण्यापूर्वी एकेक टॉर्चसमोर धरा, चीर असेल तर ती उजेडात दिसते. आधीपासूनच तडा गेलेलं अंडं वापरूच नये. शिजताना तडकलेलं मात्र खायला चालतं, दिसायला वेडंवाकडं असलं तरी.

वाफ सोडताना चेहरा आणि हात व्हॉल्व्हच्या वर आणू नका, लांब दांड्याच्या चमच्याने तो फिरवा. पिन पूर्ण खाली बसल्याशिवाय झाकणाशी झोंबायचं नाही.

कीप वॉर्म चालू राहणं

बऱ्याच कुकरमध्ये शिजणं संपलं की कीप वॉर्म आपोआप सुरू होतं. वरण-भाताला ते बरं, अंड्याला नाही. बलक घट्ट होण्याइतकी ऊब आत टिकते आणि मऊ ठेवायचं अंडं हळूहळू पूर्ण शिजतं. सुरू करतानाच ते बंद करा. सकाळी तयार मिळावीत म्हणून रात्रीच अंडी कुकरमध्ये ठेवून उशिरा सुरू होण्याचा टायमर लावणंही टाळा. फ्रिजमधली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नयेत.

हिरवी कड कुठून येते

अंडं जास्त वेळ तापलं की पांढऱ्यातल्या गंधकयुक्त प्रथिनांमधून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो आत बलकाकडे सरकतो, तिथल्या लोहाशी त्याची गाठ पडते आणि बलकाच्या पृष्ठभागावर फेरस सल्फाइडचा हिरवट-करडा थर बसतो. खायला तो निरुपद्रवी आहे. पण अंडं गरजेपेक्षा जास्त शिजलं किंवा हळू गार झालं, याची ती पक्की खूण समजा. कड दिसली तर दाबाखालचा वेळ एक मिनिटाने कमी करा, कीप वॉर्म तपासा, आणि गार करण्यात कुचराई होते आहे का ते बघा.

बहुतेक वेळा तीच होत असते. सहा गरम अंडी वाडग्यातल्या नळाच्या पाण्यात टाकली की थोड्याच वेळात पाण्यात बोट घालून बघा, पाणी कोमट झालेलं असतं. त्या कोमट पाण्यात अंडी पंधरा मिनिटं ठेवून काही साधत नाही. बर्फ भरपूर हवा. नसेल तर पाणी दोन-तीनदा बदला, किंवा वाडगं नळाच्या बारीक धारेखाली ठेवा. पूर्ण उकडलेल्या अंड्यांना दहा मिनिटं दिलीत तरी बिघडत नाही.

टरफल निघतच नाही

इथे अंड्याचं वय आडवं येतं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणा मोजणारा आकडा, आठच्या आत असतो. दिवस जातील तसा कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पीएच नऊच्या वर चढतो. मग पांढरं आतल्या पातळ पापुद्र्याला तेवढं घट्ट चिकटत नाही. शिवाय आतला ओलावा उडून बोथट टोकाशी हवेची पोकळी वाढते. सोलायला तिथूनच बोट घालायला जागा मिळते. म्हणून उकडून सोलायची असतील तर आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली अंडी घ्या. ताजी पोच किंवा फ्राय करायला ठेवा.

सोलताना अंडं ओट्यावर हलक्या हाताने लोळवून सगळीकडे बारीक तडे पाडा. मग बोथट टोकाचं टरफल काढा. टरफलाखाली एक पांढरा पापुद्रा दिसेल. नुसतं टरफल खरवडत बसलात तर तो मागेच राहतो आणि पांढऱ्याचे लचके निघतात. तो पापुद्रा नखाने चिमटीत धरा आणि अंडं पाण्यात बुडवून सोला. पाणी पापुद्रा आणि पांढऱ्याच्या मधे शिरतं आणि टरफलाचे मोठे तुकडे एकदम सुटतात. एवढं करूनही ताजी अंडी कधी कधी हट्ट सोडत नाहीत. ती सरळ किसून किंवा कुस्करून सँडविचमध्ये घालावीत, दिसण्याचा प्रश्नच मिटतो.

दाबच येत नसेल तर

दहा-बारा मिनिटं झाली, वाफ फसफसते आहे, पण पिन वर येत नाही. आधी व्हॉल्व्ह बंद स्थितीत आहे का ते बघा, निम्म्या वेळा तोच उघडा असतो. मग झाकणातली सिलिकॉनची रिंग सगळीकडून खाचेत नीट बसली आहे का, ते बोट फिरवून तपासा. मागच्या खेपेला अंडं फुटलं असेल तर पिनेच्या छिद्रात सुकलेलं पांढरं अडकलेलं असू शकतं. पिन काढून धुवा. पाणी किमान पातळीच्या खाली गेलं असेल तर ते घालून पुन्हा सुरू करा. पण तेवढा वेळ अंडी वाफेतच होती, त्यामुळे पूर्ण पाच मिनिटं पुन्हा लावू नका, दोन-तीन पुरतात.

उंच डोंगराळ भागात राहत असाल तर कुकरच्या आतलाही एकूण दाब थोडा कमी असतो, तेव्हा एखादं मिनिट वाढवा.

रिंगला गंधकाचा वास बसतो. वापरून झाल्यावर झाकण उलटं ठेवून वारा लागू द्या. वास गेला नाही तर कपभर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दोन-तीन मिनिटं दाब आणा. भांड्याच्या तळावर राहणारे पांढरट डागही व्हिनेगरने निघतात, ते पाण्यातल्या क्षारांचे असतात.

उरलेली अंडी टरफलासकट, कोरडी पुसून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. कच्च्या अंड्यांत मिसळू नयेत म्हणून टरफलावर पेन्सिलीने तारीख घाला. लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं खाणार असतील तर मऊ बलकाच्या नादी लागू नका, बलक पूर्ण घट्ट होऊ द्या. आणि फ्रिजमधलं अख्खं उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि ते फुटतं, कधी कधी बाहेर काढून चमचा लावल्यावर. गरम हवंच असेल तर टरफलासकट दहा मिनिटं कढत पाण्यात ठेवा.