विद्यार्थी फिल्ममेकर्सनो, या चुका टाळा: एडिट टेबल म्हणजे गॅरेज नव्हे

मास कॉमच्या सबमिशनचा हंगाम आला की माझ्याकडे हार्ड डिस्क यायला लागतात. सोबत दोन-तीन जागरलेली पोरं आणि ठरलेलं वाक्य: "ताई, फिल्म भारी झालीये, फक्त साऊंडचं थोडं बघा ना." त्यातलं ‘थोडं’ किती असतं ते मला आता हेडफोन कानाला लावायच्या आधीच कळतं.

मी पुण्यात एडिटिंग आणि साऊंडचं काम करते. इथे विद्यार्थ्यांना कॅमेरा, लेन्स, गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारं हँडल) सगळं भाड्याने मिळतं. कॅमेरा नसेल तर खिशातला फोन ४के शूट करतो. त्यामुळे "कॅमेरा साधा होता हो" ही सबब मी ऐकून घेत नाही. बहुतेक चुका सेटवर कुणाच्या तरी लक्षात आलेल्या असतात आणि "पोस्टमध्ये बघू" म्हणून तिथेच सोडून दिलेल्या असतात. पोस्ट म्हणजे शूटनंतरचं एडिट-साऊंडचं काम, म्हणजे मी. म्हणून आज माझी बाजू.

आवाज शेवटी आठवणं

मागे एका टीमने कोथरूडमधल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात आजी-नातीच्या भांडणाचा सीन शूट केला. आजीचं काम रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या एका बाईंनी केलं होतं. काय काम केलं होतं! पोरांनी पंखा आठवणीने बंद केला, कारण एवढं कुणीतरी शिकवलेलं असतं. फ्रीज मात्र चालूच राहिला.

फ्रीजचा कॉम्प्रेसर सलग चालत नाही. काही वेळ घरघरतो, मग थांबतो. वाइड शॉट घेताना तो चालू होता, आजीच्या क्लोजअपला बंद, नातीच्या क्लोजअपला पुन्हा चालू. एडिटमध्ये दर कटला खोलीतली घरघर येते आणि जाते. प्रेक्षकाला ती कसली हे कळत नाही, पण प्रत्येक कट टोचतो. आणि आजीच्या सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याच्या मधोमध कॉम्प्रेसर ‘थड्’ करून थांबला होता.

रूम टोन, म्हणजे खोलीची नुसती शांतता, वेगळी रेकॉर्ड करून घेतली होती का? नाही. डबिंग? बाई तोवर मुलाकडे बेळगावला गेलेल्या. पोरांनी शक्कल लढवली आणि त्यांच्याकडून ते वाक्य व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोट म्हणून मागवलं. अभिनय पुन्हा अप्रतिम. मागे पारवे घुमतायत, आवाज फोनचा, आणि ओठांशी काही जुळत नाही.

शेवटी मी उलटं केलं. संवादांच्या मधल्या फटींतून फ्रीजच्या घरघरीचे तुकडे जमवले, जोडले आणि अख्ख्या सीनखाली पसरले, म्हणजे फ्रीज पहिल्यापासून शेवटपर्यंत चालूच. ते ‘थड्’वालं वाक्य दुसऱ्या, जरा कमी चांगल्या टेकमधून उचललं आणि नातीच्या चेहऱ्यावर टाकलं. परीक्षकांपैकी कुणीतरी त्या घरघरीला ‘घरातल्या अस्वस्थतेचं प्रतीक’ म्हटलं म्हणे. पोरं खूश. मी नाही, कारण बाईंचा तो टेक वाया गेला तो गेलाच.

आता माझी सवय सांगते. लोकेशनवर गेल्या गेल्या फ्रीज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. ही माझी अक्कल नाही, साऊंडवाल्यांची जुनी युक्ती आहे. निघताना किल्ली शोधताना फ्रीज पुन्हा चालू करायचं आठवतं, नाहीतर घरमालकाचं दूध नासतं आणि ते लोकेशन पुढच्या बॅचला मिळत नाही.

दुसरं, कॅमेऱ्यावर बसवलेला माइक हा कॅमेऱ्याच्या जागेवरचा आवाज घेतो, नटाच्या तोंडाजवळचा नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे हजारोंचा माइक कॅमेऱ्यावर ठेवण्यापेक्षा साधा माइक बूमवर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला, नटाच्या डोक्याच्या वर, फ्रेमच्या अगदी कडेला आणा. बूमचा दांडा नसेल तर रंगकामाचा लांब दांडा चालतो. लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, लावणार असाल तर साडीची आणि नायलॉनच्या शर्टाची सळसळ आधी ऐकून घ्या.

आणि हेडफोन! रेकॉर्डरला बंद कपांचे हेडफोन लावून एक माणूस फक्त ऐकत बसला पाहिजे. तो क्लॅप देणार नाही, चहा आणणार नाही. लेव्हलच्या काट्यावर नजर ठेवणं म्हणजे ऐकणं नव्हे. काटा फ्रीजच्या आवाजालाही तसाच हलतो. संवादाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, शून्याला आदळलेला आवाज फाटतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा, कारण बऱ्याच रेकॉर्डरवर आधीपासून ४४.१ असतं आणि ते कुणी बघत नाही. ‘३२ बिट फ्लोट’वाले रेकॉर्डर आता विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आलेत, त्यात फाटलेला आवाज बहुतेक वेळा खाली आणता येतो. पण दूरचा माइक जवळ आणायची सोय त्यातही नाही.

लोकेशन सोडण्याआधी एक मिनिट सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. हा रूम टोन. माणसं बाहेर काढून घेऊ नका, माणसांनी भरलेली खोली वेगळी वाजते. त्या एका मिनिटात हमखास कुणीतरी हसतं. मग पुन्हा एक मिनिट.

"पण आता एआयने नॉइज निघतो ना ताई?" निघतो. पंख्याची सलग घरघर छान निघते. जास्त ओढलं की माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा येतो. आणि संवादावर चढलेली कुकरची शिट्टी काढून मूळ शब्द जसाच्या तसा परत मिळेल, या भरवशावर शूट करू नका. १९३१ साली आलेला ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, शूट होत होता तेव्हा स्टुडिओला लागून रेल्वेचे रूळ होते. त्यांनी रात्री, गाड्या थांबल्यावर शूटिंग केलं. तुम्हाला निदान सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची वेळ वॉचमनकाकांना विचारता येईल की नाही?

‘इम्पोर्ट झालं’ म्हणजे कॉपी झालं असं समजणं

एक टीम वाईला घाटावर शूट करत होती. पहिल्या रात्री डेटाचं काम सगळ्यात ज्युनिअर, सगळ्यात झोपाळलेल्या मुलाकडे. (हे काम नेहमी त्यालाच का देतात?) त्याने कार्ड लॅपटॉपला लावलं, कार्डावरचे क्लिप थेट एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर ओढले, चालवून बघितले, प्रोजेक्ट सेव्ह केला आणि झोपला. सकाळी कार्ड कॅमेऱ्यात, फॉरमॅट, दुसऱ्या दिवसाचं शूट सुरू.

असं सॉफ्टवेअर बहुधा क्लिप स्वतःच्या पोटात घेत नाही. फाइल कुठे आहे त्याचा फक्त पत्ता लिहून ठेवतं. रात्री प्रोजेक्ट उघडला तर पहिला दिवस अख्खा लाल: ‘मीडिया ऑफलाइन’. मग मला फोन.

अशा वेळी मी एकच विचारते: फॉरमॅटनंतर त्या कार्डावर काही शूट केलंय? नसेल तर बरीच आशा असते, कारण साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा यादी पुसली जाते, माल तिथेच असतो आणि ‘फोटोरेक’सारखं फुकट सॉफ्टवेअर तो शोधू शकतं. इथे पूर्ण दिवसाचं शूट त्यावर चढलं होतं. जे तुकडे सापडले ते उघडले नाहीत. रीशूट करायचं ठरलं तर नायकाने दाढी काढली होती.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की त्याचं लॉक खाली आणि वर लाल टेप. कार्डातलं आख्खं फोल्डर, त्यातल्या निरुपयोगी वाटणाऱ्या छोट्या फाइलींसकट, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर जातं. एकाच डिस्कवर दोन फोल्डर केले तर त्या दोन प्रती होत नाहीत. कॉपी तपासून घेणारं सॉफ्टवेअर वापरा; ‘टेराकॉपी’त ती सोय आहे. मग दोन्हीकडचे पहिले, मधले आणि शेवटचे क्लिप कॉपीवरून, कार्ड बाहेर काढून, चालवून बघा. रात्री दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या घरी जातात. फॉरमॅट करायचा अधिकार एकालाच, आणि तोही कॅमेऱ्यातच करायचा, लॅपटॉपवर नाही.

ज्यांना यात वेळ जातो असं वाटतं त्यांनी भाड्याच्या कॅमेऱ्याचं एका दिवसाचं बिल काढून बघावं.

ट्यूबलाइटखाली पट्टे

कँटीनचा सीन, भिंतीवर काळसर पट्टे सरकतायत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेरा एनटीएससीवर (६० हर्ट्झच्या देशांचं सेटिंग), सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर १/६० सेकंद असलं की पट्टे येतात. मेनूत जाऊन पाल (PAL, आपल्याकडचं सेटिंग) निवडा, २५ फ्रेम, शटर १/५०. काही कारणाने ३० फ्रेमच हव्या असतील तरी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. फोनवर शटर हाताने ठरवता येणारं ॲप घ्या, ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ फुकट आहे. उन्हात १/५० ला सगळं पांढरं पडतं म्हणून शटर १/२००० करणाऱ्यांनी एनडी फिल्टर नावाची, लेन्सवर लावायची काळपट काच भाड्याने आणावी. पट्टे मागाहून घालवता येतात, असं जाहिरातीत म्हणतात. थोडेफार जातात, त्यांच्याबरोबर माझी संध्याकाळही जाते.

बाकीच्या, पटापट

फोनचं फुटेज अनेकदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे मधेच बदलतं. लांब मुलाखतीत आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो तो बहुतेकदा त्यामुळे. एडिटआधी ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून बदलून घ्या.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. एकाच शॉटमध्ये नट खिडकीकडे वळतो आणि त्याचा चेहरा पिवळ्याचा निळा होतो.

८ बिटच्या, म्हणजे रंगांच्या कमी छटा नोंदवणाऱ्या कॅमेऱ्यात लॉग (मागाहून रंग चढवायचं फिकट प्रोफाइल), तोही अंधारात, आणि वर विकत घेतलेला ‘सिनेमॅटिक’ लट, म्हणजे तयार रंगांचा साचा. आकाशात पायऱ्या दिसतात आणि सावल्यांत मुंग्या. साध्या प्रोफाइलमध्ये नीट एक्सपोज करा. बाहेर सूर्याच्या विरुद्ध बाजूला एक माणूस थर्माकोल धरून उभा केला तर त्याचा कुठल्याही लटपेक्षा जास्त फरक पडतो.

‘ॲक्शन’च्या आधी आणि ‘कट’च्या नंतर पाच सेकंद कॅमेरा चालू राहू द्या. नटाचा शेवटचा शब्द संपायच्या आत रेकॉर्ड बंद करणाऱ्यांना इतकी कसली घाई असते?

आवाज आणि चित्र जुळवायला लागणारा क्लॅप नसेल तर टाळी वाजवा, पण फ्रेममध्ये. फ्रेमबाहेरच्या टाळीचा मला काय उपयोग?

गिंबल आणलाय म्हणून प्रत्येक शॉट तरंगवू नका. भाड्याचा ट्रायपॉड स्वस्त असतो.

दोघे बोलतात तेव्हा त्यांच्यामधल्या अदृश्य रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवा. रेषा तोडणाऱ्या थोर दिग्दर्शकांची उदाहरणं मला सांगू नका, त्यांना ती कुठे आहे ते माहीत होतं.

आवडतं हिंदी गाणं ‘फक्त तीस सेकंद’ वापरलं तर चालतं, हा गैरसमज आहे. वर्गातल्या तबलावाल्या मैत्रिणीला विचारा आणि नाव द्या.

टायटल्समध्ये मराठी नावं टाकताना जोडाक्षरं फुटलेली नाहीत ना ते बघा, आणि ज्याचं नाव आहे त्यालाच तपासायला द्या. बूम धरणाऱ्याचं नाव चुकवू नका.

शेवटच्या रात्री बारा वाजता लिंक पाठवलीत की स्वतःच्या नव्हे, मित्राच्या फोनवरून उघडून बघा. ड्राइव्हवर ‘ॲक्सेस मागा’ असं आलं तर परीक्षक मागत बसत नाहीत, पुढची फिल्म लावतात.