आधी मुलाचा सूर शोधा, मग पट्टी ठरवा

समूहगानाच्या पहिल्या तासाला मी गाणं शिकवतच नाही. मुलं गोलात बसतात आणि प्रत्येकाने स्वतःचं नाव, लांबच्या कुणाला हाक मारावी तसं, शेवटचा स्वर लांबवून म्हणायचं. हाक मारताना कुणी सुराचा विचार करत नाही, म्हणून आवाज आपल्या सहज जागी लागतो. मी पेटीवर हळूच ती पट्टी दाबून बघते आणि वहीत लिहिते: हिची पांढरी चार, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी, याची काळी दोन. ही वही वर्षभर जवळ असते.

लहान मुलांची गाणी मोठ्या माणसाच्या सोयीच्या पट्टीत बसवली जातात आणि इथेच निम्मी मुलं बाहेर पडतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा एवढाच टापू, म्हणजे आवाजाची खालपासून वरपर्यंतची पोच, आरामाचा असतो. शिकवणाऱ्या पुरुषाचा आवाज त्याहून सप्तकभर खाली असतो. मूल तो सूर ऐकून खाली शोधायला जातं, तिथे त्याच्याकडे काही नसतं, आणि आपण त्याला बेसूर ठरवतो. अशा वेळी सूर दुसऱ्या मुलाकडून द्यावा. फरक त्याच दिवशी दिसतो.

‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य मी एकदा म्हटलं आहे. स्पर्धा आठवड्यावर आली होती. तो मुलगा पुढच्या तासाला आला नाही, नंतरही नाही. त्याच्यासाठी पट्टी चार स्वर चढी होती, हे मला उशिरा कळलं. हे वाक्य तुमच्या गटात कुणालाही, कधीही ऐकायला लागू नये.

सूर न जुळणाऱ्या मुलाला ‘माझ्यासारखा लाव’ म्हणू नका. ‘तू लाव, मी येते’ म्हणा. त्याने जो लावला असेल तो सूर तुम्ही धरा आणि दोघांनी एका श्वासाची लांबी तिथेच थांबा. दोन सूर जवळजवळ पण वेगळे असले की कानात लाटा येतात. जुळले की लाटा थांबतात. बहुतेक मुलांना जुळलेला सूर आतून कसा लागतो याचा अनुभवच कधी मिळालेला नसतो. तो आला की मगच अर्धा स्वर वर सरका आणि त्याला सोबत घ्या. रोज दोन मिनिटं पुरतात, पण चारचौघांसमोर परीक्षा घेतल्यासारखं नको.

माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी होती, जिला काळी दोन सोडून दुसरा सूर सापडत नव्हता. आम्ही काळी दोनचा षड्ज धरून गाणं बसवलं आणि तिला आस दिली: सगळे चाल गातील, ती ‘सा’ धरून ठेवेल. एक दिवस ती आली नाही आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत अख्खा गट अर्धी पट्टी उतरला. दुसऱ्या दिवशी मुलांनीच तिला हे सांगितलं. काही महिन्यांनी ती रिषभापर्यंत गेली, मग गंधारापर्यंत.

आवाज फुटतो तेव्हा मुलांना गाणं थांबवायला सांगतात. थांबवू नका. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलग्यांच्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते, आवाज सप्तकभर उतरतो. मुलींचाही दोन-तीन स्वर उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळते. या दिवसांत दर आठवड्याला टापू तपासा. चार-पाच स्वरांतली ओळ, म्हणजे गटातल्या त्याच्या आवाजाने गायची चाल, लिहून द्या, मध्येच ओळ बदलायची मुभा द्या. पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायला लावा. तोंडाशी तयार होणाऱ्या दाबामुळे तंतू कमी कष्टात हलतात.

ओळींना मुलांची, मुलींची म्हणू नका. वरची, मधली, खालची म्हणा. आवाज न फुटलेला मुलगा वर गातो, भरीव आवाजाची मुलगी खाली, आणि स्वतःला मुलगा की मुलगी यात मोजू न इच्छिणाऱ्या मुलाला कुठे उभं राहू असं विचारावं लागत नाही.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पेटीजवळ बसवा, तळहात लाकडावर ठेवू द्या, आणि बोलताना त्याच्याकडे तोंड असू द्या. न दिसणाऱ्या मुलापर्यंत तुमचा हाताचा इशारा पोचत नाही, म्हणून सुरुवातीचा श्वास ऐकू येईल असा घ्या. माझा सगळा गट तेव्हापासून एकत्र सुरू करायला लागला. ‘उभे राहा’ ऐवजी ‘पाठ लांब करा’ म्हटलं तर चाकाच्या खुर्चीतलं मूलही त्याच सूचनेत येतं. मंचावरच्या पायऱ्या त्याला चढता येणार नसतील तर सगळा गट जमिनीवर गाईल. गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी दाराजवळची जागा, कान झाकायची परवानगी आणि आज काय-काय करणार याची फळ्यावर यादी. वाचायला जड जाणाऱ्यांसाठी एका पानावर एकच कडवं, मोठ्या अक्षरात. अडखळत बोलणारं मूल गाताना बहुधा अडखळत नाही, पण निवेदन त्याच्या गळ्यात घालण्याआधी त्याला विचारा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वही काढा आणि सगळ्यांना पुन्हा नावाची हाक मारायला लावा. कुणाची जागा खाली सरकली असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवा. तशी वेळ येऊ शकते हे साथीदारांच्या कानावर आठवडाभर आधीच घालून ठेवा.